धर्माच्या रकान्यात काय लिहावं

माझं आडनाव हाफिझोविच. ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ तो हाफिझ, आणि त्याच्या वंशातला तो हाफिझोविच. आमच्या कुळात असा कुणीतरी नक्की होऊन गेला असणार, पण तो इतक्या मागे होऊन गेला की माझ्यापर्यंत येईतो पाठांतर सगळं गळून गेलं आणि नुसतं आडनाव उरलं. मला तोंडपाठ काय आहे म्हणाल, तर एके काळचा युगोस्लाव्हियाचा फुटबॉल संघ. गोलकीपरपासून राखीव खेळाडूंपर्यंत, न अडखळता.

सेंट लुईसच्या दक्षिण भागात आम्ही बोस्नियातून आलेले लोक राहतो. तिथून जवळच गोठवलेल्या पिझ्झ्यांचा एक कारखाना आहे, त्यात मी नोकरीला. पट्ट्यावरून पिठाच्या चकत्या सरकत येतात, त्यांवर सॉस पडतो, पुढे चीज पडतं आणि माझ्यापाशी आल्या की डुकराच्या सॉसेजचे काप पडतात. काप सारखे पडतात की नाही हे बघायचं, नसतील पडले तर हाताने सरकवायचे, हे माझं काम. मुसलमान माणसाने हे काम करावं का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडायला आधी आपण मुसलमान आहोत हे लक्षात राहायला लागतं.

एका शनिवारी टपालात जाडसर पाकीट आलं. मी ते दुकानांच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकलं. माझ्या बायकोला, मेव्लिदाला, मी टाकलेली कुठलीही वस्तू एकदा बाहेर काढून बघायची सवय आहे. तिने पाकीट काढलं, पुसलं, चष्मा लावला आणि वाचायला बसली. कारखान्यात धर्मावरून काही कामगारांचा छळ झाला, सरकारने कारखान्यावर खटला भरला, आता तडजोड झाली आहे. तुमचाही छळ झाला असण्याची शक्यता आहे, तसं असेल तर सोबतचा भरपाईचा अर्ज भरून पाठवा, असा मजकूर होता.

"तुझा छळ झाला?" तिने विचारलं.

"कुठे?"

"कारखान्यात."

"कशावरून?"

"धर्मावरून, असं लिहिलंय."

"चुकून आलं असेल. नाव बघून पाठवलं असेल."

मेव्लिदाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "रेफिक, लग्न झाल्यापासून या घराला तुझ्या धर्माचा काडीचा उपयोग झालेला नाही. रमजानमध्ये मी उपाशी आणि तू माझ्यासमोर बसून सूप फुरकत पितोस. आता त्याचा काही उपयोग होत असेल तर होऊ दे."

कारखान्यात काय घडलं होतं ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या पाळीवर ड्वेन प्रुइट नावाचा सुपरवायझर आला. त्याला नुकताच देव सापडला होता. नवीन मोटार घेतलेला माणूस जसा दिसेल त्याला एक फेरी मारून आणायला बघतो, तसं त्याचं चाललं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी तो सगळ्यांना गोलात उभं करायचा, हात धरायला लावायचा आणि मोठ्याने प्रार्थना सांगायचा. पॅकिंगला चार-पाच सोमाली बायका होत्या. त्या जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या कोठीत नमाज पढायच्या. प्रुइटने त्या कोठीला कुलूप घातलं. त्यांच्या डोक्यावरच्या रुमालांवरून बोलायचा, एकदोनदा हातही लावला. त्यांच्यातली इफ्राह नावाची मुलगी वरच्या कचेरीत तक्रार घेऊन गेली. तिथे कुणी दाद दिली नाही, तेव्हा ती सरळ सरकारकडे गेली.

या सगळ्यात मी कुठे होतो? गोलात. एका हाताला फोर्कलिफ्टवाला, दुसऱ्या हाताला चीजवाली बाई, मान खाली, आणि डोक्यात डब्यात काय असेल हा विचार. प्रुइट मला मुल्ला म्हणायचा. मीही त्याला पाद्री म्हणायचो, पण मनात.

एकदा त्याने माझ्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशात बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची, पट्टी ठेवली आणि सुट्टीत सगळे बघत असताना म्हणाला, "मुल्ला, खिशात काय आहे बघ." मी हात घातला. पट्टी बाहेर काढली, उजेडात धरून बघितली आणि खाल्ली. "मीठ कमी आहे," म्हणालो. अख्खी पाळी हसली. प्रुइटचं तोंड एवढंसं झालं. हा किस्सा मी घरी सांगितला, गल्लीत सांगितला, स्वीडनमधल्या मेहुणीला फोनवर सांगितला. माझ्या मते त्या दिवशी छळ झाला असेल तर तो प्रुइटचा झाला होता.

तरी मेव्लिदाने टेबल पुसून अर्ज माझ्यासमोर ठेवला. नाव, पत्ता, नोकरीची वर्षं इथपर्यंत मी झपाट्याने गेलो. पुढचा रकाना धर्माचा. त्याखाली लिहिलं होतं, तुमच्या श्रद्धा आणि आचरण थोडक्यात सांगा. मी लिहिलं, 'मी मुसलमान आहे, पण'. आणि थांबलो. त्या 'पण'च्या पुढे जे होतं त्याला तो रकाना पुरला नसता.

बोस्नियात, साना नदीकाठच्या आमच्या गावी मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचो. युद्ध सुरू झालं तेव्हा एका सकाळी फाटकावरच्या रायकोने मला आडवा हात घातला. रायको आमचा पहारेकरी, सर्ब. मे दिनाला तो आणि मी मिळून अख्खं डुक्कर भाजायचो, आळीपाळीने दांडा फिरवायचो. तो म्हणाला, "तुमच्यासारख्यांना आत सोडायचं नाही असा हुकूम आहे."

"आमच्यासारखे म्हणजे कसे?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं नकाशेवाल्यांबद्दल काहीतरी आहे.

त्याने मान खाली घातली. "रेफिक, मला बोलायला लावू नकोस."

पुढे जे झालं ते आमच्या इथल्या गल्लीत जवळपास प्रत्येकाचं झालंय, त्यामुळे ते कुणी कुणाला सांगत बसत नाही. मुद्दा एवढाच, की माझा धर्म कोणता हे मला फाटकावरच्या माणसाकडून कळलं होतं. आणि आता सरकार विचारत होतं, तर थोडक्यात काय सांगणार?

मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि मशिदीत गेलो. आमचे इमाम, नुस्रेत एफेंदी, शिडीवर चढून पन्हळीतला पाचोळा काढत होते. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण मी त्यांना अहोजाहो करतो, तेवढं तरी पाळतो. मला बघून ते वरूनच म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही कसे आलात?"

हे ते चिडवायला म्हणाले नव्हते. मी मशिदीत मयतीखेरीज कधी जात नाही. मी शिडी धरली आणि म्हणालो, "एफेंदी, मला एक कागद हवाय. मी मुसलमान असल्याचा."

"तुम्हाला शंका आहे?"

"मला नाही. सरकारला येईल."

त्यांनी मूठभर पाचोळा माझ्या पायाशी टाकला. "रेफिक आगा, मी लिहीन तर खरं लिहीन. मी लिहीन की हाफिझोविच यांना मी ओळखतो, जनाजा उचलताना ते नेहमी पुढचा कोपरा धरतात आणि कबरस्तानापर्यंत दुसऱ्याला देत नाहीत."

"तेवढं चालेल का?"

"वरती चालेल का तेच मला ठाऊक नाही, वकिलांचं कसं सांगू? बरं, फातिहा येते ना?"

फातिहा म्हणजे कुराणातलं अगदी पहिलं प्रकरण. लहान पोरांनाही येतं. आजीने मला शिकवलं होतं. मी घसा साफ केला, सुरुवात केली आणि जोरात निघालो. निम्म्यात पोचलो आणि पुढचं एकदम कोरं. एफेंदींनी शिडीवरूनच उरलेलं म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, शाळेत म्हणतात तसं. मग खाली उतरून हात धुतले आणि आतून एक पातळ पुस्तक आणून दिलं. मुखपृष्ठावर एक गोंडस मुलगा नळाखाली हात धरून उभा होता.

"यात सगळं आहे," ते म्हणाले. "चित्रं रंगवायची असली तर खडू तुमचे तुम्ही आणा."

ते पुस्तक मी मोटारीत बसून वाचलं, सुट्टीत पिठाच्या पोत्यांमागे वाचलं. नमाजाआधी हातपाय कसे धुवायचे याची चित्रं फार सोपी होती, म्हणून म्हटलं तिथून सुरुवात करावी. न्हाणीघरात मेव्लिदाने कपडे भिजत घातले होते. मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाय वर टाकला. या वयात पाय तेवढा वर जातो याचंच मला कौतुक वाटलं. पण तो खाली कसा आणायचा हे पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात मेव्लिदा बाजारातून आली.

"पाय काढ तिथून."

"मी वुजू करतोय."

"मी तिथे सॅलड धुते."

"धार्मिक माणसाशी नीट बोल."

"आधी पाय काढ, मग बघू धार्मिक आहेस का." तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि माझी पोटरी धरून पाय खाली उतरवला. मग खुर्ची ओढून हसत बसली. बराच वेळ हसत होती. मीही हसलो, पण मला आतून जरा लागलं. मी मनापासून करत होतो असं नाही, पण अगदीच खोटंही करत नव्हतो.

अर्ज भरायला मदत हवी असेल तर सरकारी वकील ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भेटतील, असं पत्रात होतं. आम्ही गेलो. मोटार मेव्लिदा चालवते, कारण मी चालवायला बसलो तरी शेजारी बसून चालवते तीच. त्या दिवशी मी पांढरा सदरा घातला, हातात जपमाळ घेतली आणि डोक्यावर माझ्या वारलेल्या सासऱ्यांची काळी बेरे टोपी चढवली. आमच्याकडचे म्हातारे मशिदीत तीच घालून जातात. टोपी मला घट्ट होत होती आणि कानांच्या वर तिने लाल वळ काढले होते, पण आरशात मी बऱ्यापैकी भाविक दिसत होतो.

बाहेरच्या बाकावर इफ्राह बसली होती. मला बघून तिने डोळे मोठे केले.

"काका, चित्रकलेच्या वर्गाला जाता का?"

"का?"

"टोपी. सिनेमातले चित्रकार घालतात तसली."

मेव्लिदाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते. मी टोपी काढून खिशात कोंबली.

"तुम्ही आलात ते बरं झालं," इफ्राह म्हणाली. "त्यांना तुमचं नाव मीच दिलं होतं. ते बेकनचं मी माझ्या जबाबात सांगितलंय."

"ते? अगं, ती तर गंमत होती. त्याचं तोंड बघितलं होतंस का?"

"तुमचंही बघितलं होतं."

"म्हणजे?"

"तुम्ही खाल्लं, सगळे हसले, सुट्टी संपली. मी हात धुवायला मागे गेले तर तुम्ही नळापाशी होतात. तोंडात पाणी घेऊन चूळ भरत होतात. मी हात धुतले, पुसले, हातमोजे घातले, तरी तुमचं चालूच होतं. मला बघितलंही नाहीत."

मी बेकन आवडीने खातो. मला चूळ भरायचं काहीच कारण नव्हतं. पण ती सांगत होती तसा तो नळ मला दिसला, त्याची सैल झालेली तोटी दिसली, पाण्याला येणारा क्लोरीनचा वास आला. इतक्या लोकांना तो किस्सा सांगितला, पण हा तुकडा कुणालाच सांगितला नव्हता. मुद्दाम गाळला असंही नाही. तो माझ्याच हाती लागत नव्हता.

मेव्लिदाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता तिचे खांदे हलत नव्हते.

तेवढ्यात आत बोलावलं. वकीलबाई टॅलमन आडनावाच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, हाताशी सर्दीच्या गोळ्या घेऊन बसलेल्या. मी खुर्चीत बसल्याबरोबर सगळं भडाभडा सांगून टाकलं. की मी डुक्कर खातो. प्लमची दारू पितो, तीही घरी गाळलेली. रोजे मेव्लिदा ठेवते. फातिहा निम्मीच येते, आता पाऊण येते. आणि मला त्या नमाजी बायकांच्या वाटणीतलं काही घ्यायचं नाही.

टॅलमनबाईंनी नाक पुसलं. "हाफिझोविचसाहेब, तुम्ही किती चांगले मुसलमान आहात ते मला कळून काय करायचंय? तुमची परीक्षा घ्यायला मी बसलेली नाही. त्यांनी तुम्हाला काय समजून काय केलं, तेवढं सांगा."

"त्याने मला मुल्ला म्हटलं. बेकन ठेवलं."

"आणखी?"

"बस."

"पगारात, कामात, बढतीत काही?"

मी जपमाळेचे मणी मोजायला लागलो. शेजारी मेव्लिदा पर्स मांडीवर धरून बसली होती. तिच्यासमोर हे निघेल असं मला वाटलं नव्हतं. तिला बाहेर बस म्हणायचं सुचायला हवं होतं, पण मी टोपीच्या नादात होतो.

"लाइनचा मुकादम होण्याची पाळी माझी होती," मी म्हणालो. "जुना मुकादम निवृत्त होताना त्याने माझं नाव दिलं होतं. प्रुइटने मला कचेरीत बोलावलं. म्हणाला, माणूस तू बरा आहेस, पण ही पोरं मुसलमानाच्या हाताखाली काम करणार नाहीत, मला समजून घे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी हसलो. म्हटलं, बरोबर आहे."

"का?"

"आधी एकदा असंच झालं होतं. तेव्हा मी विचारलं होतं, म्हणजे कसं. विचारून काही उपयोग झाला नव्हता."

टॅलमनबाईंनी लिहिणं थांबवलं. मग पुन्हा लिहायला लागल्या. त्यांनी तारीख विचारली, तेव्हा कोण हजर होतं ते विचारलं, जुन्या मुकादमाचं नाव विचारलं. शेवटी अर्ज माझ्याकडे सरकवला. धर्माच्या रकान्यात माझं 'मी मुसलमान आहे, पण' तसंच होतं. "हे पुरं करायचं की खोडायचं?" त्यांनी विचारलं. मी 'पण' खोडलं आणि पूर्णविराम दिला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी धर्मसेवा असावी.

परत येताना मेव्लिदाने मोटार जरा वेगातच काढली. आमच्या घराचं वळण आलं आणि गेलं. बेकरीच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे तिने मोटार लावली, इंजिन बंद केलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस की मुकादमकी तूच नाकारलीस. गुडघा दुखतो म्हणून."

"दुखायचा."

"किती?"

"थोडा."

"अख्खा हिवाळा मी त्या गुडघ्याला कोबीची पानं बांधली, रेफिक. रोज. लाटण्याने ठेचून."

"बरं वाटायचं त्याने."

"माझ्या बहिणीला मी सांगितलं, माझा नवरा आळशी आहे, चालून आलेली बढती नको म्हणाला. गल्लीत सांगितलं. तुझ्यासमोर सांगितलं, आणि तू मान डोलावलीस."

"आळशी आहे म्हटलेलं बरं होतं."

"कशापेक्षा?"

बेकरीतून पावाचा वास येत होता. एक पोरगा रिकामे ट्रे आणून भिंतीशी रचत होता. मेव्लिदा म्हणाली, "पुन्हा तेच झालं, हे मला कळू नये म्हणून?"

"तू इथे आलीस तेव्हा वर्षभर दाराची घंटा वाजली की न्हाणीघरात जाऊन बसायचीस. आता कुठे तू दार उघडायला लागली होतीस."

ती रडेल असं मला वाटलं. पण मेव्लिदाला रडू येतं ते नेहमी रागाच्या वाटेने येतं, आणि बऱ्याचदा वाटेतच राहतं. तिने माझ्या त्याच गुडघ्यावर जोरात थाप मारली. "मला सांगायला हवं होतंस. मी त्या प्रुइटच्या मोटारीवर ती कोबी तरी फेकली असती. सगळी." मग ती खाली उतरली, बेकरीत गेली आणि पालक भरलेल्या पेस्ट्रीचं मोठं वेटोळं घेऊन आली. आम्ही ते मोटारीतच हाताने तोडून खाल्लं. तिने सासऱ्यांची टोपी माझ्या खिशातून काढली, झटकली आणि नीट घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "बाबांना ही टोपी शोभायची," म्हणाली. "तुझं डोकं फार मोठं आहे. आत काय असतं देव जाणे."

अर्ज मंजूर झाला. पैसे आले, मेव्लिदाने मनात धरले होते त्याहून कमी आणि मी धरले होते त्याहून जास्त, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडक्यांत गेले. प्रुइटला कारखान्याने काढलं नाही, शहराबाहेरच्या गोदामात पाठवलं. तिथे तो कुणाला गोलात उभं करतो की नाही मला ठाऊक नाही. खोक्यांच्या कोठीचं कुलूप निघालं, आत कुणीतरी जुना गालिचा आणून टाकला. आणि तडजोडीतच होतं म्हणून मला मुकादम केलं.

ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं आत कुढत होतो ती अशी निघाली: सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं, पट्टा अडकला की बोलणी खायची, आणि कुणाची आई आजारी आहे नि कुणाची मोटार बंद पडली ते ऐकून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात माझा गुडघा खरोखरच सुजला. मेव्लिदाने कोबी आणली, पण लाटण्याचे घाव या वेळी जास्त जोरात पडत होते असं मला वाटलं.

तडजोडीत आणखी एक कलम होतं. वेगवेगळ्या धर्मांची माहिती देणारा वर्ग सगळ्यांना सक्तीचा. त्यासाठी एक तरुण आला, स्वच्छ, नम्र, गळ्यात ओळखपत्र. मुकादम म्हणून मला पहिल्या रांगेत बसावं लागलं. इफ्राह माझ्या शेजारी. त्याने फळ्यावर मुसलमानांबद्दल लिहायला सुरुवात केली, पाच वेळा प्रार्थना, उपवास, खाण्यातले नियम. प्रत्येक ओळीनंतर तो वळून मला आदराने विचारायचा, "बरोबर आहे ना, हाफिझोविचसाहेब?"

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून इफ्राहकडे बघायचो. ती हनुवटी किंचित खाली करायची. मी म्हणायचो, "अगदी बरोबर."

एका ओळीला तिची हनुवटी हलली नाही. मी म्हणालो, "हे जरा तपासून घ्या." त्याने गडबडीने पुसून टाकलं आणि माझे आभार मानले. मागून कुणीतरी म्हणालं, रेफिकला इतकं माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी त्याने खडू खाली ठेवला. "तुम्हाला स्वतःला काही भर घालायची आहे का? आम्हाला माहीत नसलेलं काही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गोलात माझा हात धरणारा फोर्कलिफ्टवाला, चीजवाली बाई, सगळे. नाही म्हणून सुटता आलं असतं. पण इतक्या लोकांनी मला इतक्या गंभीरपणे काही विचारल्याला फार वर्षं झाली होती.

"एक आहे," मी म्हणालो. "आमच्यात कॉफी पीत असलेल्या माणसाला घाई करत नाहीत. ते फार वाईट समजतात."

तरुणाने मान हलवली, खडू उचलला आणि ते सगळ्यात खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं. इफ्राहने रुमालाचं टोक तोंडावर धरलं. वरच्या कचेरीतला माणूस मागे उभा होता, त्याने ते वहीत टिपून घेतलं. तेव्हापासून आमच्या पाळीवर कॉफीच्या सुट्टीत कुणी घड्याळ दाखवत नाही, आणि चीजवाली बाई मला दर वेळी थँक्यू म्हणते.

घरी येऊन मी हे मेव्लिदाला सांगितलं आणि विचारलं, "एफेंदींच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?"

ती नव्या खिडक्यांच्या काचा पुसत होती. तिने फडकं पिळलं.

"काय म्हणायचंय?" ती म्हणाली. "त्यात खोटं काय सांगितलंस?"